फिबोनाची लेव्हल्सवरून ट्रेंड ओळखता येतो का? ६१.८ टक्क्यांवरून भाव खरंच फिरतो का?

ट्रेंड ओळखायला फिबोनाची उपयोगाचं नाही. तो आधी तुम्हीच ठरवायचा: नवीन शिखरं आधीच्या शिखरांच्या वर आणि नवीन तळ आधीच्या तळांच्या वर होत असतील तर तेजी, उलट असेल तर मंदी. त्या चालीत भाव मागे आला तर कुठवर येईल, एवढ्याच अंदाजासाठी या रेषा. एका तळापासून शिखरापर्यंतची (किंवा उलट) चाल धरून तिच्या ३८.२, ५०, ६१.८ टक्क्यांवर त्या मारतात. मी मुंबईत फोर्टमध्ये एका ब्रोकरकडे डीलर आहे, म्हणजे ग्राहकांच्या ऑर्डर टाकतो. "अहो, ६१.८ ला आलाय, घेऊन टाका," असे फोन नेहमीचेच. कुठून कुठपर्यंत आखलंय, असं विचारलं की पलीकडे शांतता.

आणि सगळी मेख तिथेच आहे. एकाच चार्टवर मी मागच्या महिन्याचा तळ धरला आणि तुम्ही मागच्या वर्षीचा, तर दोघांचं ६१.८ वेगळं येणार. इतक्या रेषा मारल्यावर भाव एखादीवरून फिरणारच, आणि मग लोक तेवढीच दाखवतात. म्हणून स्विंग, म्हणजे तळ ते शिखर अशी चाल, असा निवडा की चार्ट लांबून बघितला तरी डोळ्यात भरेल. भाव फिरायच्या आधी रेषा मारा आणि मग त्या हलवू नका.

२०२० चा निफ्टी घ्या. जानेवारीतलं शिखर १२,४३०, मार्चमधला तळ ७,५११, म्हणजे घसरण ४,९१९ अंकांची. तळापासून मोजलं तर ३८.२ टक्के येतात ९,३९० ला, ५० टक्के ९,९७१ ला आणि ६१.८ टक्के १०,५५१ ला. ३० एप्रिलला निफ्टी ९,८६० ला बंद झाला आणि तिथून घसरत १८ मे रोजी ८,८२३ वर आला. म्हणजे ५० टक्क्यांनी काम केलं म्हणायचं? केलं, पण ९,९७१ ला विक्री लावून बसलेल्याची ऑर्डर तेव्हा लागलीच नाही. जूनमध्ये लागली, आणि मग बाजार वरच निघाला. पुढची गंमत बघा. २ जुलैचा बंद भाव १०,५५१.७०, अगदी ६१.८ च्या रेषेवर! पुस्तकी हिशेबाने इथून भाव परत खाली फिरायला हवा. ६ जुलैला निफ्टी १०,७६३ होता, आणि नोव्हेंबरात जानेवारीचं शिखरही मागे पडलं.

या आकड्यांत दैवी काही शोधू नका. ०.६१८ चा वर्ग ०.३८२ आणि घन ०.२३६, बस्स. ५० टक्के तर फिबोनाचीचे नाहीतच, माघार साधारण निम्म्यावर येते या जुन्या डाऊ सिद्धांतातल्या (चार्ल्स डाऊंच्या बाजाराच्या चालींबद्दलच्या विचारांतल्या) निरीक्षणातून ते आले. (ती १, २, ३, ५, ८ ची मालिकाही लघु-गुरूंची मांडणी मोजताना आपल्याकडच्या छंदशास्त्रकारांना पिसा शहरातल्या लिओनार्दोच्या, म्हणजेच फिबोनाचीच्या, १२०२ मधल्या ग्रंथाआधीच सापडली होती. हेमचंद्रांनी ती बाराव्या शतकात लिहून ठेवली आहे.) रेषेजवळ भाव कधी थबकतो, कारण बऱ्याच जणांच्या ऑर्डर तिथे असतात. तिथेच जुना सपोर्ट (आधी जिथून भाव वर फिरला होता ती पातळी) किंवा २०० दिवसांची सरासरीही असेल तर मी लक्ष देतो. नुसत्या रेषेला नाही.

मला या रेषांचा खरा उपयोग वाटतो तो किती घ्यायचं हे ठरवायला. समजा शेअर ४०० वरून ५०० ला गेला आणि मागे येतोय. ३८.२ टक्के माघार म्हणजे ४६१.८०, निम्मी ४५०, ६१.८ टक्के ४३८.२०. माघार ४६१ च्या आसपास थांबली तर तेजीत दम आहे. ४३८ च्याही खाली बंद होऊ लागला तर "ही माघारच आहे" हा तुमचा अंदाज कच्चा होता. आता ४५० ला हिरवी कॅन्डल (भाव चढून बंद झाल्याची चार्टवरची खूण) पूर्ण झाल्यावर घेतलात आणि स्टॉपलॉस, म्हणजे तोटा घेऊन बाहेर पडायचा भाव, ४३८ च्या जरा खाली, ४३४ ला ठेवलात, तर शेअरमागे धोका १६ रुपये. एक लाखाच्या भांडवलावर एका ट्रेडला हजारच घालवायची तयारी असेल तर ६२ शेअर, त्याहून एकही जास्त नाही. हे गणित क्लासवाले शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात. बाजाराची नियामक सेबी हिच्या २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले. त्यांतल्या कितीकांच्या चार्टवर या रेषा असतील, देव जाणे.

इंट्राडेला (त्याच दिवशी घेऊन विकायला) वापरू का, असंही तुम्ही विचारलंय. पाच मिनिटांच्या चार्टवर निफ्टीची चाल ८० अंकांची असेल तर ३८.२ आणि ५० टक्क्यांत जेमतेम साडेनऊ अंकांचं अंतर राहतं. एवढं तर एका कॅन्डलमध्ये जातं, वर ब्रोकरेज आणि एसटीटी (व्यवहारावरचा सरकारी कर) वेगळा. डेली किंवा वीकली चार्टवरच वापरा.