माल्मेदी: तपास नासला म्हणून हत्याकांड खोटं ठरत नाही

तुम्ही विचारलंय की माल्मेदी खटल्यातल्या (दुसऱ्या महायुद्धात शरण आलेल्या अमेरिकन सैनिकांना मारल्याचा खटला) जर्मन आरोपींकडून अमेरिकनांनी छळ करून कबुलीजबाब घेतले आणि पुढे त्यांच्या फाशीच्या शिक्षाही टळल्या, तर ते हत्याकांडच अमेरिकेचा युद्धप्रचार होता का. नाही, नव्हता. मी तीस वर्षं सत्र न्यायालयात फौजदारी वकिली केली, तीही बहुतेक आरोपींच्या बाजूने. या प्रकरणातल्या तपासाची मला मनापासून चीड आहे. तरीही तुमचा निष्कर्ष चुकतोय.

कबुलीजबाब आधी बाजूला ठेवा. खुनाच्या प्रकरणात मी पहिल्यांदा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल वाचायचो. इथेही तिथूनच सुरुवात करू. 17 डिसेंबर 1944, आर्डेन्सच्या लढाईचा दुसरा दिवस. बेल्जियममधल्या माल्मेदीजवळ, बोन्येच्या चौफुलीवर, अमेरिकेच्या 285व्या तोफखाना निरीक्षण बटालियनची एक तुकडी योआखिम पायपर या जर्मन अधिकाऱ्याच्या एसएस (नाझी पक्षाचं सशस्त्र दल) रणगाडा पथकासमोर सापडली. रणगाड्यांपुढे त्यांचा टिकाव लागणं शक्यच नव्हतं. त्यांनी हात वर केले. शंभरावर कैदी रस्त्यालगतच्या शेतात उभे केले गेले आणि त्यांच्यावर मशीनगन चालवल्या. मग काही सैनिक शेतात फिरून जो हलेल, कण्हेल त्याला गोळी घालत होते. मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही जण नंतर उठून पळाले, आणि पहिले वाचलेले लोक त्याच दिवशी माल्मेदीच्या अमेरिकन फळीत पोचून सगळं सांगून मोकळे झाले. म्हणजे एकाही आरोपीला अटक होण्याच्या कितीतरी आधी.

प्रेतं जवळजवळ महिनाभर बर्फात गोठून होती. जानेवारी 1945च्या मध्यात तो भाग परत ताब्यात आल्यावर ती बाहेर काढली, प्रत्येकाला क्रमांक दिला, छायाचित्रं घेतली, शवविच्छेदन केलं. बोन्येच्या मृतांचा आकडा 84. अनेकांच्या डोक्यात जवळून झाडलेल्या गोळीच्या जखमा होत्या. ‘कैदी पळायला लागले म्हणून गोळीबार झाला’ हा बचाव अजूनही केला जातो, पण पळणाऱ्या माणसाच्या डोक्याला नळी भिडवता येत नाही.

आता खटल्याकडे या. जर्मनीतल्या श्वेबिश हालच्या तुरुंगात अमेरिकनांनी चौकशी केली. कैद्यांना डोक्यावर तोंड झाकणारी काळी टोपडी चढवून इकडून तिकडे नेत. काहींसाठी खोटं न्यायालय भरवलं: टेबलावर काळं कापड, क्रूस, पेटत्या मेणबत्त्या, आणि चौकशी करणाऱ्यांपैकीच एक जण कैद्याचा ‘वकील’ बनून बसलेला. विशीतल्या पोराला वाटे, इथेच आपली फाशी ठरतेय, त्यापेक्षा हे म्हणतात ते लिहून द्यावं. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. तो नियम का आहे, हे या एका खोलीवरून समजतं.

जर्मनीतल्या डाखाउमध्ये, अमेरिकन लष्करी न्यायालयापुढे, 16 मे ते 16 जुलै 1946 असा दोन महिने खटला चालला. 73 आरोपी एकाच वेळी, आणि आरोप फक्त बोन्येचा नव्हता, स्टावलोसारख्या गावांतल्या बेल्जियन नागरिकांच्या हत्याही त्यात होत्या. ऐकीव पुरावा मान्य होता. 43 जणांना फाशी, 22 जणांना जन्मठेप. पायपर स्वतः गोळीबाराआधीच बोन्येहून पुढे गेला होता, त्यामुळे त्याने हुकूम दिला का, हा खरा कायद्याचा प्रश्न होता. हॅल मॅकाउन हा अमेरिकन मेजर ला ग्लेझ गावात पायपरच्या कैदेत होता. तो बचाव पक्षातर्फे साक्षीला उभा राहिला आणि तिथे कैद्यांना नीट वागवलं, असं सांगितलं. आपल्याच सैनिकांच्या खुनाच्या खटल्यात अशी साक्ष द्यायला किती धैर्य लागलं असेल!

बचावाचे प्रमुख वकील कर्नल विलिस एव्हरेट, अटलांटाचे. निकालानंतरही त्यांनी पदरमोड करून हा लढा चालू ठेवला. 1948 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, तिथे न्यायमूर्ती चार विरुद्ध चार असे विभागले आणि अर्ज बारगळला. अशा वकिलापुढे मी हात जोडतो.

तुम्ही जे वाचलंत ते बहुधा यानंतरचं आहे. 1949 मध्ये, या शिक्षांची फेरतपासणी करणाऱ्या अमेरिकन आयोगातले न्यायाधीश व्हॅन रोडेन यांच्या नावाने छापून आलं की तपासलेल्या 139 पैकी 137 कैद्यांच्या वृषणांना कायमची इजा झाली होती. सिनेटच्या बाल्डविन उपसमितीने कैद्यांची वैद्यकीय तपासणी करवली, तेव्हा त्या दाव्याला आधार मिळाला नाही. खोट्या न्यायालयांवर मात्र समितीने ठपका ठेवला. सिनेटर मॅकार्थी मधेच आरडाओरडा करून समितीच्या सुनावणीतून निघून गेले. 137 हा आकडा मात्र अजून फिरतोच आहे, आणि हत्याकांड नाकारणाऱ्यांचं ते आवडतं हत्यार आहे.

शिक्षा टप्प्याटप्प्याने कमी झाल्या. उरलेल्या सहा फाशी जानेवारी 1951 मध्ये जन्मठेपेत बदलल्या, त्यात पायपरचीही होती. 43 पैकी एकही अमलात आली नाही. पायपर डिसेंबर 1956 मध्ये सुटला. गोळी नेमकी कुणी झाडली, हुकूम कुणाचा होता, हे त्या 84 जणांच्या घरच्यांना खात्रीने सांगता येईल असा पुरावा चौकशीवाल्यांनी स्वतःच्या हातांनी नासवला.

त्याच 17 डिसेंबरला, वेरेथ या बेल्जियन वस्तीजवळ, 11 कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांना एसएसने पकडून हालहाल करून मारलं. त्या प्रकरणाची फाइल अमेरिकन लष्कराने 1947 मध्ये बंद केली. खटला उभाच राहिला नाही.