विचारा ताईला: साठीची पार्टी, गच्ची आणि कडू झालेली ग्रीन टी

मागच्या अंकात ग्रीन टी, लिंबू आणि सोड्याबद्दल सहज चार ओळी लिहिल्या होत्या, तर त्यावर इतकी पत्रं आलीत की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून सगळा कॉलम ह्याच एका विषयावर. एक पत्र रागाचंही आहे, ते शेवटी घेते.

प्रश्न: ताई नमस्कार, आमच्या ह्यांची साठी मे महिन्यात आहे, गच्चीवरच करायचंय, पंचवीसेक माणसं. ह्यांनी दोन वर्षांपूर्वी दारू पूर्ण सोडली त्यामुळे घरात बाटली आणायची नाही हे मुलांनी आणि मी ठरवलंय, पण हे म्हणतात मला सगळ्यांसमोर लहान मुलासारखं सरबत हातात देऊ नका. ग्रीन टीचं काहीतरी मोठ्या माणसांसारखं ड्रिंक करता येईल का? प्रमाण पंचवीस जणांचं सांगा प्लीज. – सुदामा नगर, इंदूर

ताई: आधी ह्यांचं अभिनंदन, साठीचं आणि दोन वर्षांचंही. आणि ते म्हणतायत ते अगदी बरोबर आहे. सरबत गोड-आंबट असतं, घटाघटा पिऊन ग्लास खाली ठेवतो आपण, दहा मिनिटांत संपलं. गप्पा मारत तासभर हातात धरायचं ड्रिंक असतं ना त्यात थोडा कडवटपणा, थोडा तुरटपणा लागतो, म्हणजे माणूस घोट घोट घेतो. तो तुरटपणा ग्रीन टी आयता देते, म्हणूनच तर ती यात घ्यायची, तब्येतीसाठी वगैरे नाही.

आता प्रमाण. माणशी दोन ग्लास धरा, म्हणजे पन्नास. एका ग्लासाला 100 मिली चहा, 20 मिली साखरेचा पाक, 15 मिली लिंबाचा रस, 60 मिली सोडा आणि भरपूर बर्फ. म्हणजे पाच लिटर चहा लागेल. पत्ती लिटरला 15 ग्रॅम, एकूण 75 ग्रॅम, ही रोजच्यापेक्षा स्ट्राँग आहे पण मुद्दाम, कारण बर्फ विरघळतो आणि सोडा पडतो, मग साधा चहा असेल तर पाण्यासारखं लागतं. पत्ती मलमलच्या कापडात सैल पोटली बांधून गार पाण्यात टाकायची आणि डबे रात्रभर फ्रीजमध्ये, सहा ते आठ तास, बस. उकळायचं काही नाही. गार पाण्यात पत्ती हळूहळू उतरते, कडूपणा कमी येतो आणि गॅससमोर उभं राहायची कटकट पण नाही. मे महिन्यात बाहेर ओट्यावर मात्र ठेवू नका, फ्रीजच. फ्रीजमध्ये जागा नसेल तर अर्धं शेजारच्या काकूंकडे ठेवा, अशा वेळी नाही तर शेजार कशाला.

पाक म्हणजे 600 ग्रॅम साखर आणि 600 मिली पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, जवळपास लिटरभर होतो. गार ड्रिंकमध्ये कोरडी साखर ढवळत बसलात तर ती तळाशीच बसून राहते म्हणून पाक. गॅस बंद केल्यावर त्यात आल्याच्या चकत्या आणि गवती चहाची चार पाती चुरगळून टाका, झाकून गार होऊ द्या, मग गाळा. लिंबं चाळीस तरी आणा, लहान निघतात हल्ली. सोड्याच्या 750 मिलीच्या चार बाटल्या अगदी हिशेबात बसतात, पण एक जास्तीची ठेवा. बर्फ घरच्या ट्रेने होणार नाही, आठ किलो विकत आणा, मोठे तुकडे मिळाले तर उत्तम, लवकर विरघळत नाहीत.

चहा, पाक, लिंबू आधी एकत्र करून गार ठेवता येतं, सोडा मात्र ग्लासात शेवटी आणि तोही थंडगार, कारण कोमट सोड्यातला गॅस लगेच उडून जातो. आणि आता आपली इंदुरी करामत: ग्लासाच्या कडेला लिंबाची फोड फिरवा आणि ग्लास उलटा करून जिरावणात टेकवा. हो हो, पोह्यावर घालतो तेच जिरावण! बाहेरगावचे लोक कडेला नुसतं मीठ लावतात, आपल्याकडे एवढा चांगला मसाला घरात असताना मीठ कशाला. माझी जाऊ पुण्याहून आली होती, तिला आधी हसू आलं आणि मग तिने जाताना पाव किलो जिरावण बांधून नेलं.

एक गोष्ट मात्र जपून. दुकानात कॉकटेलमध्ये घालायचे बिटर्स मिळतात, थेंब-दोन थेंबच घालतात म्हणून लोक बिनधास्त वापरतात, पण त्या बाटलीत चाळीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल असू शकतं. कोंबुचा पण चहा आंबवून करतात, त्यात थोडं अल्कोहोल तयार होतंच. ज्या माणसाने सोडलीय त्याच्या घरी ह्या दोन्ही गोष्टी नकोत. आणि ग्लास कुठला घ्यायचा, ड्रिंक दिसायला कसं असावं हे त्यांनाच विचारा. काहींना व्हिस्कीसारखा ग्लास हातात आला की बरं वाटतं, काहींना नेमकी तीच आठवण नको असते. हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही.

प्रश्न: ताई मी ग्रीन टी करून फ्रीजमध्ये ठेवली तर सकाळी गढूळ झाली आणि कडू तर इतकी की कारलं बरं. पत्ती महागातली होती हो! – लोकमान्य नगर, इंदूर

ताई: तुम्ही ती आपल्या चहासारखी खळखळ उकळली, पैज लावते. आपल्याला सवयच ती, चहा म्हणजे उकळी, आलं ठेचून टाका, अजून एक उकळी. पण काळ्या चहाची आणि ग्रीन टीची झाडं एकच असली तरी काळ्याची पत्ती हवेत काळी पडू देतात, ग्रीन टीची पत्ती तोडल्यावर लवकरच वाफवतात किंवा कढईत भाजतात म्हणून ती हिरवी राहते, आणि तिचा स्वभाव नाजूक. गरम करायचीच असेल तर पाणी उकळून गॅस बंद करा, पाच-सात मिनिटं थांबा, साधारण 75-80 डिग्रीला आलं की पत्ती टाका, दोन ते तीन मिनिटांत गाळा. थर्मामीटर नको, पातेल्यातून वाफ निवांत निघायला लागली की समजा झालं. जास्त वेळ ठेवून स्ट्राँग करायची नाही, स्ट्राँग हवी तर पत्ती वाढवायची.

गढूळपणाची कारणं दोन. एक, स्ट्राँग गरम चहा फ्रीजमध्ये गार झाला की त्यातलं कॅफीन आणि तुरट द्रव्यं एकमेकांना चिकटतात आणि पाणी धुरकट दिसतं, खराब झालेला नसतो, चवीला चालतो. थोडं गरम पाणी घातलं तर बरेचदा निवळतो. दुसरं कारण तुमच्या नळाचं. बोरिंगचं पाणी वापरलंत का? ते जड असतं, त्यात चहा मळकट होतो आणि वर साय धरल्यासारखं येतं. नर्मदेच्या लाइनचं नाही तर फिल्टरचं पाणी घेऊन बघा, फरक डोळ्यांनी दिसेल. पत्तीचा दोष नाही, कांगड्याची आणा नाही तर सियागंजमधून सुटी आणा, उकळली की सगळ्या सारख्याच कडू.

प्रश्न: रोज दोन ग्लास असं ड्रिंक घेतलं तर वजन किती उतरेल? – विजय नगर

ताई: 20 मिली पाकात चार चमचे नाही तरी तीनेक चमचे साखर असते. तुम्हीच सांगा.

प्रश्न: माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिला पण मोठ्यांच्या ग्लासातलं हवं असतं. द्यायचं का? आणि सासूबाईंना डॉक्टरांनी आयर्नच्या गोळ्या दिल्यात, त्यांना चालेल? – राजेंद्र नगर

ताई: मुलीला ग्रीन टी नको, कॅफीन असतंच त्यात, गार केली तरी. तिच्यासाठी गोकर्णाची निळी फुलं घ्या, कंपाउंडच्या जाळीवर वेल असतो बऱ्याच जणांकडे, फवारणी केलेला नसावा एवढं बघा. पाच-सहा फुलं गरम पाण्यात टाकली की निळंशार पाणी होतं, त्यात कॅफीन नाही. गार करून ग्लासात द्या आणि लिंबू तिलाच पिळू द्या, निळ्याचं जांभळं होतं तिच्या डोळ्यांदेखत, मग मोठ्यांच्या ग्लासाकडे ती ढुंकून बघणार नाही. उलट मोठेच तिच्या ग्लासाकडे बघतील.

सासूबाईंचं म्हणाल तर चहातली तुरट द्रव्यं अन्नातलं आणि गोळीतलं लोह अंगाला लागू देत नाहीत, त्यामुळे जेवणासोबत आणि गोळीसोबत नको. मध्ये किती वेळ ठेवायचा ते डॉक्टरांनाच विचारा. त्या दिवशी त्यांनाही गोकर्णच द्या, नातीसोबत.

प्रश्न: आपल्या सराफ्याच्या शिकंजीत ग्रीन टी घातली तर फ्यूजन होईल का? – रामबाग

ताई: बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, इंदूरला शिकंजी मागितली की लिंबूपाणी येत नाही, आटवलेलं दूध, मठ्ठा, सुकामेवा असलेला दाट प्रकार येतो, पाहुणे दर वेळी फसतात. त्यात ग्रीन टी? अजिबात नको. दुधातलं प्रोटीन तुरटपणा गिळून टाकतं, राहतो फक्त फिका हिरवट वास, आणि शिकंजीची पण वाट लागते. भिया, दोन चांगल्या गोष्टी वेगवेगळ्या पण खाता-पिता येतात.

प्रश्न (हेच ते रागाचं): तुमचं वाचून सोड्यात काळं मीठ घातलं तर सगळा सोडा उसळून नव्या टेबलक्लॉथवर. पाहुणे समोर बसलेले. एवढं तरी लिहायचं होतं ना! – मनोरमागंज

ताई: चूक माझी, लिहायला पाहिजे होतं. मिठाचे कण सोड्यात पडले की त्यांच्याभोवती गॅसचे बुडबुडे एकदम धरतात आणि सगळं वर येतं. मीठ आधी चहात नाही तर लिंबाच्या रसात विरघळवायचं, मग बर्फ, मग ग्लास तिरका धरून सोडा हळूच कडेने सोडायचा. जिरावणाचं पण तसंच, कडेला लावा, आत भुरभुरू नका. टेबलक्लॉथवर चहाचा डाग राहिला असेल तर लगेच गार पाणी आणि लिंबू लावून बघा, रंगीत कापड असेल तर आधी एका कोपऱ्यावर. आणि तरी नाही गेला तर गच्चीवरच्या पार्टीला तोच अंथरा, अंधारात कोण बघतंय.