पडद्यासमोरून : तुमचे प्रश्न, शिंपीणबाईंची उत्तरं

(नारायण पेठेत ब्लाउज शिवता शिवता आयुष्यभर सिनेमे पाहिलेल्या आमच्या स्तंभलेखिका या अंकातही वाचकांशी बोलत आहेत.)

मागच्या अंकात एका गाजलेल्या ऐतिहासिक चित्रपटाबद्दल तुम्ही 'बघवला नाही' असं लिहिलंत. आमचं अख्खं घर रडत होतं. तुम्हाला खटकलं तरी काय?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

ब्लाउज. हसू नका. पेशवाईतली बाई आणि चोळीला प्रिन्सेस कट! चोळीची गाठ पुढे मारायची असते हो, हिच्या पाठीवर हुकांची रांग. तेही मी पोटात घातलं असतं. पण नवरा मोहिमेवर निघालाय आणि ही त्याच्या अंगरख्याचा तुटलेला बंद शिवायला बसते. दोऱ्याच्या टोकाला गाठच नाही! सुई वर ओढली की दोरा सुळकन निसटायला हवा. निसटला नाही, कारण बाई शिवतच नव्हती, नुसती सुई हलवत होती. चेहऱ्यावर मात्र विरह काठोकाठ. शेवटी दाताने दोरा तोडला, ते तेवढं खरं वाटलं. मीही तोडते, कात्री मांडीवर असताना. शेजारची बाई हुंदके देत होती आणि माझ्या डोक्यात एकच, हा बंद घोड्यावर चढतानाच तुटणार.

तुमचं रडणं खोटं नाही. मला समीक्षा येत नाही, मी माणसांचे हात बघते. हातांना काम येत नसेल तर मला तोंडातले संवाद ऐकू येईनासे होतात.

मग असे खरे हात कुठे दिसले तुम्हाला?
— कर्वेनगरहून

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये. गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील झाल्यात. दिवसभर कोर्टात कलमं वाचायची आणि घरी आल्यावर पदर खोचून स्वयंपाकाला लागायचं. ते बघताना वाटतच नाही की समोर कॅमेरा आहे. माझ्या गिऱ्हाइकांत अशा दहा तरी बायका असतील, संध्याकाळी सातला माप द्यायला येतात आणि एक डोळा घड्याळावर.

दुसरी 'संत तुकाराम'मधली जिजाई. 1936चा सिनेमा, गौरीबाईंनी केलेली. पोर आजारी पडतं तर चप्पल हातात घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला जाते. तुकोबांची भक्ती मोठीच, पण घरातलं पीठ संपलंय हे या बाईच्या चालण्यातच दिसतं.

आजी म्हणते 'कुंकू' बघ. 1937चा आहे! कंटाळा येईल का?
— कॉलेजकन्यका, फर्ग्युसन रस्ता

आजीचं ऐक. तू राहतेस तिथून चालत जाशील इतक्या जवळ झालाय तो. लॉ कॉलेज रस्त्यावर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे ना, तिथेच 'कुंकू' काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता. फसवून एका म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायलाच तयार नाही, आणि शांता आपटे हे सांगायला आवाज चढवत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात. दिग्दर्शक शांतारामबापूंनी, म्हणजे व्ही. शांतारामांनी, पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. जे काही ऐकू येतं ते घरातलं. आमच्या दुकानात वीज गेली की दोन्ही मशिनं एकदम थांबतात आणि मग इतका वेळ चालूच असलेलं भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. तसं होतं हा सिनेमा बघताना. फक्त फोन पर्समध्ये टाक आणि चेन लाव. पहिली वीस मिनिटं संथ वाटतील, हेही सांगून ठेवते. आणि आजीला शेजारी बसव, मध्येच 'आमच्या वेळी' सुरू झालं तर सिनेमा थांबव, तिला बोलू दे.

मल्टिप्लेक्स की जुनं थिएटर?
— वारजे

गुडघे दुखतात म्हणून मल्टिप्लेक्स. जीव मात्र लक्ष्मी रस्त्यावरच्या विजयमध्ये.

मिस्टर सिनेमात झोपतात. घोरतातसुद्धा! तिकिटाचे पैसे वाया जातात.
— पौड रस्ता

आमचेही झोपायचे. मध्यंतरात हातात गरम वडा दिला की पुढचा अर्धा भाग जागे. त्यांना भिंतीकडेची खुर्ची द्या आणि तुम्ही अलीकडे बसा. कोपर मारायला सोपं जातं, आणि घोरणं एकाच बाजूला ऐकू जातं.