‘आधी इंग्रजी नीट येऊ दे’

“दोन भाषांमुळे आमच्या मुलीचा गोंधळ होत असेल का? स्पॅनिश बंद केली तर ती लवकर बोलू लागेल का?” अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहरात कुटुंब-समुपदेशनाचे काम करताना हा प्रश्न मला इतक्या पालकांनी विचारला आहे, की त्याचे उत्तर एका कुटुंबाच्या अनुभवातून सविस्तर मांडावे असे वाटले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

या कुटुंबातील आई मेक्सिकोत वाढलेली. तिला इंग्रजी समजते, पण बोलताना शब्द शोधावे लागतात. वडील सॅन अँटोनियोतच जन्मलेले, मेक्सिकन वंशाचे, आणि तरीही स्पॅनिश जेमतेम कळणारे. मुलीला नुकतीच दोन वर्षे पूर्ण झाली होती. ती दिवसभर ज्या पाळणाघरात असे, तेथील बाईंनी सांगितले की, वयाच्या मानाने हिचे शब्द फार कमी आहेत, शिवाय ती ‘मास मिल्क’ असे मिसळून बोलते (‘मास’ म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘आणखी’), तेव्हा घरी फक्त इंग्रजीच बोलावी. आईवडिलांनी तो सल्ला निष्ठेने पाळला. सहा आठवड्यांनी ते माझ्याकडे आले ते मुलीचे शब्द वाढले नाहीत म्हणून, आणि ती चिडचिडी झाली म्हणून.

पहिल्या भेटीत मी प्रश्न थोडे विचारले आणि मायलेकींना खेळणी देऊन बाजूला बसले. अर्ध्या तासात आई मुलीशी जे बोलली ते जवळजवळ सगळे हुकूम होते: ये, बस, नको, थांब, इकडे दे. मुलगी काही दाखवायला आली की आई हसून मान डोलवत असे आणि विषय तिथेच संपत असे. मग दुभाषी बाईंच्या मदतीने मी तिला विनंती केली की, आता काही वेळ तुमच्या भाषेत बोला. मुलीचा एक बूट खुर्चीखाली गेला होता. आईने त्या बुटाची गोष्टच सुरू केली: तो कुठे लपला, त्याला अंधाराची भीती वाटते का, दुसरा बूट त्याची वाट पाहून रडतो आहे का. मुलगी खुर्चीखाली डोके घालून ‘सापातो! सापातो!’ असे बुटाला हाका मारू लागली. वडील माझ्याकडे पाहत म्हणाले, “ही पूर्वी घरी अशीच बोलायची.”

माझ्या मते या कुटुंबाची खरी अडचण हीच होती. लेकराची समजूत घालणे, त्याला फसवून चार घास भरवणे, पडले की दुखऱ्या जागेवर हात फिरवत बोल म्हणणे, हे सगळे जिला एकाच भाषेत करता येते, त्या आईकडून ती भाषा काढून घेतली की मुलीला जास्त इंग्रजी मिळत नाही. तिच्या वाट्याला येणारे बोलणेच आटते.

अर्थात एवढ्यावरून निदान करणे योग्य नव्हते. कमी बोलणाऱ्या कोणत्याही मुलाची श्रवणचाचणी आधी झाली पाहिजे, म्हणून ती करून घेतली; ऐकणे उत्तम होते. दुसरे काम मी आईवडिलांना दिले. आईने पुन्हा स्पॅनिशमध्ये बोलायचे आणि दोन आठवडे मुलीचा प्रत्येक शब्द, उच्चार बोबडा असला तरी, वहीत दोन रकान्यांत लिहायचा. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण ५० शब्द असावेत आणि त्याला दोन शब्द जोडता यावेत, असा ठोकताळा स्पीच थेरपिस्ट वापरतात. वहीत इंग्रजीचे ३१ शब्द निघाले आणि स्पॅनिशचे ४४. त्यांपैकी १२ वस्तूंना तिच्याकडे दोन्ही नावे होती, दूध ‘मिल्क’ही होते आणि ‘लेचे’ही, ती नावे एकेकदाच धरली तरी ६३ भरत होती. पाळणाघरातील बाईंना त्यातला एकच रकाना ऐकू येत होता. बार्बरा पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मायामीतील अभ्यासात नेमके हेच आढळले होते: स्पॅनिश-इंग्रजी बोलणाऱ्या बालकांचे शब्द एकेका भाषेत मोजले तर कमी भरतात, दोन्ही मिळून मोजले की ती एकभाषिक मुलांच्या बरोबरीने असतात.

‘मास मिल्क’चीही काळजी करू नये, असे मी सांगितले. त्या वयात जो शब्द आधी हाती येतो तो वापरला जातो, आणि येथे तर तिने दोन शब्द अचूक क्रमाने जोडले होते. अशा वेळी मुलीला टोकू नये; आईने ‘कियेरेस मास लेचे?’, म्हणजे ‘आणखी दूध हवंय?’, असे पूर्ण वाक्य सहज बोलून पेला भरावा, एवढे पुरेसे असते. समजा तपासणीत खरोखर विलंब आढळला असता, तरी मी स्पॅनिश सोडायला सांगितले नसते. डाऊन सिंड्रोम असलेली मुलेही दोन भाषा शिकू शकतात, हे संशोधनातून दिसले आहे. येथे स्थायिक झालेले मराठी पालक हाच प्रश्न घेऊन येतात, तेव्हा त्यांनाही मी हेच सांगते.

वडिलांची मात्र खात्री पटत नव्हती. तिसऱ्या भेटीत कारण कळले. घरी इंग्रजीचा सर्वांत जास्त आग्रह त्यांच्या आईचा होता, आणि ती स्वतः उत्तम स्पॅनिश बोलणारी. लहानपणी शाळेच्या मैदानावर स्पॅनिश शब्द तोंडातून गेला म्हणून तिने मार खाल्ला होता. टेक्सासच्या सरकारी शाळांत इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकवण्यावर १९१८ च्या कायद्याने बंदी होती, ती १९६९ मध्ये उठली. मार्फा गावातील ब्लॅकवेल या मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळेत तर १९५४ मध्ये मुलांना स्पॅनिश शब्द चिठ्ठ्यांवर लिहायला लावून त्या चिठ्ठ्यांचा दफनविधी करण्यात आला होता. २०२२ च्या कायद्याने ती शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. अशा काळातून आलेल्या बाईने आपल्या मुलाला स्पॅनिश दिली नाही, ती त्याला मार बसू नये म्हणून. तिचा आग्रह प्रेमापोटीच आहे, हे मी त्या दोघांनाही आवर्जून सांगितले. मात्र आता नातीची इंग्रजी कोणीही हिरावू शकत नाही. पाळणाघर, रस्ता, दूरचित्रवाणी, पुढे शाळा, सगळे तिला इंग्रजीच देणार आहेत. स्पॅनिश मिळण्याची जागा घर एवढीच आहे.

आईने स्पॅनिश बोलावी, वडिलांनी त्यांना सहज येणारी इंग्रजी बोलावी, आणि आजीला कोणीही आग्रह करू नये, असे ठरले. मुलगी तीन वर्षांची होत आली तेव्हा ते शेवटचे भेटायला आले. ती आता दोन्ही भाषांत वाक्ये जोडत होती. वडिलांनी सांगितले की, मागच्या रविवारी जेवण झाल्यावर आजी आणि नात अंगणात कितीतरी वेळ बोलत बसल्या होत्या, आणि शेजारीच बसून त्यांना त्यातले निम्मेच समजले.