हात वर केलेला रेड पांडा आणि जंगलात गेलेलं कुत्रं

गेल्या अंकात दार्जिलिंगच्या ट्रिपमधला एक फोटो टाकला होता, तिथल्या पद्मजा नायडू प्राणीसंग्रहालयातल्या रेड पांडाचा. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सदर पूर्ण त्यालाच देऊन टाकतोय.

प्रश्न : रीलमध्ये रेड पांडा दोन पायांवर उभा राहून हात वर करतो ते लई गोड दिसतंय. तो खेळत असतो काय? (नववीतली वाचक, निपाणी)

नाही गं बाळ, तो घाबरलेला असतो. जीव तीन ते सहा किलोचा, म्हणजे आपल्या गल्लीतल्या दणकट बोक्याएवढा, मग समोर काहीतरी संकट आलं की उभं राहून आपण मोठे आहोत असं दाखवायचं, एवढंच हातात असतं त्याच्या. तेही भागलं नाही तर नखं आहेत. खरं तर त्याचा पहिला उपाय लपणं हाच. तो राहतो तिथल्या जुन्या फर झाडांच्या खोडाफांद्यांवर तांबूस शेवाळ आणि पांढरं दगडफूल माजलेलं असतं, पाठीचा तांबडा रंग आणि तोंडावरचे पांढरे पट्टे त्यात मिसळून जातात, आणि पोट काळं असल्यामुळे खालून बघणाऱ्याला सावलीच वाटते. म्हणजे तो हात वर करून उभा आहे याचा अर्थ लपायला जागाच उरलेली नाही. असं रील दिसलं तर लाईक करू नकोस, मैत्रिणींनाही सांग.

प्रश्न : आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बुरूडकाम. बांबू खाऊन पोट कसं भरतं हो? त्यात आहे काय? आणि हे अस्वल की मांजर? (खानापूर)

काका, तुमचा प्रश्न सगळ्यात आवडला. आधी दुसऱ्या भागाचं सांगतो : दोन्ही नाही. काळा-पांढरा मोठा पांडा हा अस्वलच, पण रेड पांडा वेगळ्याच कुळातला, आणि त्या कुळातलं आज जिवंत असलेलं हे एकटंच घराणं. लांबचे नातेवाईक म्हणजे रॅकून, स्कंक आणि पाणमांजराची मंडळी. पांडा हे नावही आधी याचंच, 1825 मध्ये फ्रेडरिक क्युव्हिएने याला शास्त्रीय नाव दिलं, मोठा पांडा युरोपातल्या शास्त्रज्ञांना कळला 1869 ला. 2020 मध्ये जनुकं तपासून असंही मांडलं गेलंय की हिमालयातला आणि चीनमधला अशा दोन वेगळ्या जाती आहेत, आणि मधे ब्रह्मपुत्रेचं वरचं खोरं आडवं येतं.

आता बांबूचं. तुमचं म्हणणं बरोबर आहे, त्यात फार काही नाही. त्यातून याचं पोट मांसाहारी प्राण्याचं, आतडं आखूड, गाईम्हशीसारखी रवंथ करायची सोय नाही, त्यामुळे खाल्लेल्यातला जेमतेम पाव भाग अंगी लागतो. मग उपाय काय, तर खात राहायचं, स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्श्याएवढा पाला दिवसाला. दार्जिलिंगला मी अर्धा तास जाळीपाशी उभा होतो. तो एका हाताने बांबूची डहाळी खाली ओढायचा, मुठीत धरायचा, आणि तोंडाच्या कडेने एकेक पान खुडून चावायचा, नुसती पानं, काठीला हात नाही. ती मूठ वळते कारण मनगटाचं एक हाड वाढून अंगठ्यासारखं झालंय, सहावं बोटच म्हणा. मोठ्या पांडालाही तसंच आहे पण दोघांना ते वेगवेगळं आलंय, एकाकडून दुसऱ्याकडे नाही. कोंब निघाले की कोंब, कधी फळं, अंडी. आणि उरलेला वेळ झोप, झुपकेदार शेपूट अंगाभोवती घेऊन, कारण ताकद वाया घालवून चालत नाही.

तिकडच्या डोंगरात मालिंगो म्हणून बारीक बांबू होतो, लोक कुंपणाला, टोपल्यांना तोच तोडतात. मी त्यांना दोष देत नाही, तुम्हीही देणार नाही. पण तुम्हाला माहीतच आहे, बेट खालून सगळं कापलं आणि बेट राखून काढलं यात किती फरक पडतो. त्यात बांबूला फुलोरा आला की अख्खं बेट वाळून जातं, तेव्हा शेजारचं रान शाबूत असलं तरच हा जगतो.

प्रश्न : बेळगाव थंड आहे की, मग भुतरामनहट्टीच्या झूत रेड पांडा का आणत नाहीत? (टिळकवाडी)

आपलं थंड म्हणजे अडीच हजार फुटांचं. तो राहतो सात हजारांच्या वर, पारा पंचविशीच्या पुढे गेला की त्याला त्रास सुरू होतो. आपला एप्रिल आठवा. नकोच.

प्रश्न : शिकारीमुळे कमी झाले काय? आमच्या रानात तसली शिकार नाही, पण गुरांबरोबर कुत्री जातात, त्याचं काय बिघडतंय? (शेतकरी, कणकुंबी)

दादा, शिकार आहेच, कातड्यासाठी होते, शिवाय कस्तुरीमृगाला आणि रानडुकराला लावलेल्या फासातही हा सापडतो. पण जंगलाचे तुकडे पडणं आणि कुत्री, या दोन गोष्टींबद्दल मला जास्त बोलायचंय. याक आणि चौरी (याक-गाईचा संकर) यांच्या कळपांबरोबर राखणीची कुत्री वर जातात, काही तिथेच मोकाट राहतात. ती पांडाला मारतात, आणि मारलं नाही तरी डिस्टेंपर देतात. हा रोग रेड पांडाला जवळजवळ जीवघेणाच. बरं, कुत्र्यांची लस पांडालाच टोचावी म्हटलं तर प्राणीसंग्रहालयांत त्या लसीनेच पांडांना डिस्टेंपर झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून टोचायचं ते कुत्र्यालाच. जगात मोठे झालेले रेड पांडा दहा हजारांपेक्षा कमी उरलेत असा अंदाज आहे, आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संस्थेने 2015 मध्ये त्याला धोक्यातला ठरवला. मादीला एका वेळी एक ते चार पिल्लं, तीही जून-जुलैत जुन्या झाडाच्या ढोलीत. एक कुत्रं ढोलीपर्यंत पोचलं की त्या वर्षीचं सगळं गेलं.

आणि हद्दीचं तर आपल्याला कुणी शिकवायला नको. सिंगालीलाचा डोंगर म्हणजे अलीकडे भारत, पलीकडे नेपाळ, पांडा दोन्हीकडे. 2003 मध्ये दार्जिलिंगच्या प्राणीसंग्रहालयात वाढलेल्या दोन माद्या तिथल्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात सोडल्या होत्या, पण तेवढ्यावर भागत नाही, म्हणून पूर्व नेपाळात गावचेच लोक वनरक्षक होऊन फास काढतात, विष्ठा मोजून पांडांचा माग ठेवतात. आपलं भीमगड अभयारण्यही तसंच गोव्याच्या म्हादईच्या जंगलाला लागून आहे. मागच्या दिवाळीत जांबोटीजवळ मी बघितलं, एक शेकरू खालच्या फांदीवर अडकून बसलेलं, मधलं झाड तोडल्यामुळे पुढे उडी मारायला जागा नाही, आणि खाली दोन कुत्री. तासभर ते हललं नाही. तेव्हा दादा, तुमच्या कुत्र्याला रेबीजबरोबर डिस्टेंपरचीही लस द्या, जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, आणि रात्री बांधून ठेवा.

प्रश्न : मे महिन्यात सिक्कीम-दार्जिलिंगला जातोय, रानात दिसेल काय? (बहीण-भाऊ, शहापूर)

सिक्कीमचा तो राज्यप्राणी, पण दिसेलच असं नाही. सिंगालीलात गावचा माहितगार सोबत घ्या, त्याला पैसे मनापासून द्या, पहाटे निघा, आणि खाली बांबू असलेल्या जुन्या झाडांच्या फांद्यांवर बघत चला. दिसला तर लांबूनच बघा, फ्लॅश नको. आणि वाटेत कुत्री मागे लागतील, गरीब असतात, लळा लावतात, तरी त्यांना बिस्किटं टाकत पार्कात घेऊन जाऊ नका.