इंटर्नलायझेशनवर वाचायला सुरुवात करताय? आधी एवढंच

विषय छान निवडलात, घाबरू नका. इंटर्नलायझेशन म्हणजे बाहेरचं काहीतरी आत येणं; पण शब्द एक असला तरी प्रत्येक शाखेत संकल्पना वेगवेगळ्या आहेत, हे आधी पक्कं करा. प्रत्येक लेखाला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा:

- काय आत येतंय?
- कशाच्या आत?
- कशामुळे?

जीवशास्त्रात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. एलडीएल कोलेस्टेरॉलचा कण पेशीपटलावरच्या ग्राहीला (त्याला ओळखून पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो, पटल आत वळतं आणि कण पेशीत जातो. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांच्या 1985 च्या नोबेलमागे हेही काम होतं. सुरुवात इथूनच करा.

व्यवसायात बाजारातला व्यवहार कंपनीच्या आत येतो: परदेशी कंपनीला परवाना देण्याऐवजी तिथे स्वतःचाच कारखाना. त्यासाठी बकली आणि कॅसन या अर्थशास्त्रज्ञांचं 1976 चं पुस्तक वाचा. अर्थशास्त्रात आत येतो तो खर्च. नदी नासवणाऱ्या कारखान्यावर अर्थशास्त्रज्ञ पिगूंच्या विचारातला कर बसला की नुकसान त्याच्याच हिशोबात येतं.

नवखे बहुतेक एकाच ठिकाणी घसरतात: कंपनीला पेशी मानून उपमा ताणतात. तो मोह टाळाच. आणि शोधताना ‘इंटरनॅशनलायझेशन’चे (आंतरराष्ट्रीयीकरणाचे) लेख मिसळतात, तेवढे वेगळे काढा. कंपन्या परदेशात गुंतवणूक का करतात हे सांगणारं डनिंगचं प्रारूप सध्या बाजूला ठेवा. पहिल्या महिन्यात प्रत्येक शाखेतले दोनच लेख, पण नीट वाचा. अडलात तर विचारा, मी आहे.