इंग्लंडमधलं नदीकाठचं जुनं बाजारगाव पाहायचंय, हातात एकच दिवस आहे, कुठे जावं?

ट्यूक्सबरी. कॉट्सवोल्ड्समधली फोटोजोगी खेडी सगळेच सुचवतील, पण तिथे निम्मा दिवस पार्किंग शोधण्यात जातो. मी ट्यूक्सबरीच्याच ग्लॉस्टरशायर जिल्ह्यात राहतो, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा.

सेव्हर्न आणि एव्हन या नद्यांच्या संगमावरचं हे गाव. भोवतालची कुरणं पावसाळी दिवसांत पाण्याखाली जातात आणि गाव तेवढं उंचवट्यावर राहतं. बाहेर पसरायला जागाच नाही, म्हणून लोकांनी रस्त्यावरच्या घरांच्या मागे, परसात घरं बांधली. त्यातून अरुंद बोळ तयार झाले. एके काळी नव्वदच्या आसपास होते, आज तीसेक उरलेत. दोन दुकानांच्या मधे अंधारी फट दिसली की बिनधास्त आत शिरा. वर काळपट तुळया, उंच माणसाने मान वाकवूनच जायचं. चर्च स्ट्रीटवरचा ओल्ड बॅप्टिस्ट चॅपलचा बोळ मात्र चुकवू नका. पंधराव्या शतकातलं एक साधं घर पुढे प्रार्थनास्थळ झालं. बाहेरून पाहिलं तर कळणारही नाही.

ॲबी, म्हणजे मठाचं चर्च, ११२१ साली विधिवत समर्पित झालं. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने मठ बंद केले तेव्हा गावकऱ्यांनी ४५३ पौंड मोजून ते विकत घेतलं. छपराचं शिसं आणि घंटा यांची ती किंमत! नाहीतर आज तिथे नुसते पडके खांब दिसले असते.

४ मे १४७१ची लढाईही नदीपायीच इथे झाली. तेव्हा लँकेस्टर आणि यॉर्क या दोन घराण्यांत इंग्लंडच्या गादीसाठी युद्ध चालू होतं. राणी मार्गारेटच्या लँकेस्टर सैन्याला सेव्हर्न ओलांडून वेल्सकडे जायचं होतं. ग्लॉस्टर शहराने दरवाजे उघडले नाहीत, म्हणून ते इथवर आले आणि यॉर्क घराण्याच्या राजा चौथ्या एडवर्डने त्यांना गाठलं. राणीचा १७ वर्षांचा मुलगा मारला गेला. ॲबीत आश्रय घेतलेल्या सरदारांचीही दोन दिवसांनी मुंडकी उडवली.

जुलै २००७च्या पुरात पाणी ॲबीच्या आतही शिरलं. गंमत अशी की जवळचं माइथचं जलशुद्धीकरण केंद्रच बुडालं आणि जिल्ह्यातल्या साडेतीन लाख लोकांचे नळ कोरडे पडले. तरी जुनं गाव बऱ्यापैकी कोरडं राहिलं. फटका जास्त बसला तो सखल भागातल्या घरांना. पूररेषा म्हणजे काय हे सांगली-कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, पण आता छोटाच. खास त्यासाठी येऊ नका. रेल्वे स्टेशन गावात नाही, तीनेक किलोमीटरवर ॲशचर्चला आहे. चेल्टनहॅमहून बस सोयीची पडते. हिवाळ्यात येणार असाल तर निघण्याआधी पुराचा इशारा बघून घ्या.